पश्चिमेच्या काठावरचा डाग

मोठे बाबा,

तेरा दिवस मी तुमच्या पेटीला हात लावला नाही. किल्ली मोठी आईनं पहिल्याच दिवशी माझ्या हातात दिली होती. "तुह्याच कामाच्या वह्या हायत बाई, तूच पाय," म्हणाली. ती मी ओढणीच्या टोकाला बांधली आणि घरभर हिंडत राहिले. लोक भेटायला यायचे. अड्याळहून, पवनीहून, पार साकोलीहून. चहा व्हायचा, कोणी म्हणायचं, "तुहा मोठा बाबा म्हणजे सूर्याचा माणूस होता वं." मी मान डोलवायची आणि पेटीकडे पाठ करून बसायची.

भीती वाटत होती, दुसरं काय! वह्या खोट्या निघाल्या तर मी काय करू, आणि खऱ्या निघाल्या तर तुम्हाला जे बोलले त्याचं काय करू? दोन्हीकडून माझंच मरण होतं. किल्लीची गाठ सोडायला गेले की मी काहीतरी काम काढून स्वयंपाकघरात पळायची.

लोकांनी तुमच्याबद्दल सांगायचं ते सांगून झालं. माझ्या बाबांचे थोरले भाऊ, शाळेच्या प्रयोगशाळेत परिचर, तलावाखालचं थोडं धान, पोटी मूल नाही, स्वभाव गरीब. मला यातलं काहीच आठवत नाही. मला पळसाचं पान आठवतं.

सात-आठ वर्षांची असेन मी. शाळेनं भंगारात काढलेली दुर्बीण तुम्ही रीतसर मागून आणली होती आणि अंगणात तिवईवर उभी केली होती. मी डोळा लावायला धावले. तुम्ही असं मनगट धरलं की बांगडीच फुटली. मग तुम्ही पळसाचं एक वाळलेलं पान उचललं आणि मी जिथं डोळा लावणार होते तिथं धरलं. पान धुरावलं, बघता बघता भोक पडलं. "हा तुहा डोळा असता त?" तुम्ही विचारलंत. माझ्यापेक्षा जास्त तुम्हीच कापत होतात. त्या दिवसापासून मला सूर्याची भीती वाटते, आणि पुढं पोटापाण्याला मी नेमका तोच धंदा निवडला. कर्म माझं!

नंतर तुम्ही मला खरी रीत दाखवली. दुर्बिणीला डोळा लावायचाच नाही. तिच्या मागे पाटीवर कागद धरायचा, त्यावर सूर्याचं गोल बिंब पडतं आणि त्यातले काळे डाग पेन्सिलीनं जसेच्या तसे उतरवून घ्यायचे. वर्तुळ काढायला तुमच्याकडे फुटाण्याच्या डब्याचं झाकण होतं. जन्मभर तेच झाकण. सकाळी आंघोळ झाली की आधी अंगणातला सूर्य आणि मग देवघरातले देव. रोज एक पान. घरी पाहुणे असोत, धानाची रोवणी असो, अंगात ताप असो. "नेम हाय माहा," तुम्ही म्हणायचात, "नेमात खंड नोको." मोठी आई चिडवायची, "माह्याकडं इतका वेळ पाहिलं असतं त माही काया सोन्याची झाली असती." तुम्ही लाजून पेन्सिल तासायला लागायचात.

मी पुण्याला गेले, शिकले, सूर्यावरच्या संशोधनात नोकरीला लागले. फोनवर तुम्हाला समजावून सांगताना माझी धुऊन निघालेली भाषा परत मळायची आणि बरं वाटायचं. ते डाग म्हणजे सूर्याच्या चुंबकी गाठी आहेत, गाठ सुटली की सूर्य भडकतो, आपल्या अंगावरचं काहीबाही अवकाशात भिरकावतो, हे तुम्हाला पटकन कळलं. पृथ्वीभोवती स्वतःचं चुंबकी पांघरूण आहे म्हणून आपण वाचतो, हेही कळलं. पण मंगळाचं सांगितलं आणि तुम्ही तिथंच अडकलात.

"त्याले पांघरूण नाही?"

"होतं म्हणतात, फार पूर्वी. गेलं. आता सूर्याचा वारा त्याची हवा खरवडून नेतो. थोडी थोडी."

"बाप्पा! रोज?"

"रोज."

"अन् थो काय करते?"

"कोण?"

"मंगळ."

मी हसले. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तुमचा फोन. "रातभर त्याचाच इचार करून राहिलो. आपलं पांघरूण गेलं त?" मी तुम्हाला कोट्यवधी वर्षांचे हिशेब सांगितले. तुम्ही "हव, हव" म्हणालात, पण तुमची भीती काही गेली नाही. तुम्हाला मंगळाची काळजी वाटायची, घरच्या कोणा आजाऱ्याची वाटावी तशी. फोन ठेवताना विचारायचात, "त्याचं कसं हाय?" तेव्हा मला गंमत वाटायची. आता वाटत नाही.

मग मीच तुमच्या वह्या मागितल्या. मोठे डाग जगभर नोंदलेले असतात. पण टाचणीच्या टोकाएवढे बारीक डाग एकाच माणसानं, एकाच दुर्बिणीनं, एकाच झाकणाच्या वर्तुळात इतकी वर्षं काढलेले, असं सहज मिळत नाही. हे बारीक डाग किती दिवस जगतात हा माझा प्रश्न होता, कारण त्यांच्यावरून सूर्याचा वारा कधी कसा सुटेल आणि मंगळासारख्या उघड्या ग्रहावर काय गुदरेल याचा अंदाज बांधता येतो. दिवाळीत आले तेव्हा सगळ्या वह्या पोत्यात घालून भंडाऱ्याला नेल्या आणि एका दुकानात बसून पान अन् पान स्कॅन करून घेतलं. तुम्ही बसस्टॉपपर्यंत पोतं डोक्यावर आणलंत. शर्टाला घरची इस्त्री होती. "माह्या वह्या पुण्याले चालल्या," कंडक्टरला सांगत होतात.

मोठे डाग बाहेरच्या नोंदींशी तंतोतंत जुळले. मी निर्धास्त झाले. बारीक डागांचा हिशेब मांडला तर काही फार चिवट निघाले, अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त जगणारे. मी हरखून गेले, लेख लिहायला घेतला. आमच्या बैठकीत पडद्यावर आलेख दाखवला आणि आमच्या गटप्रमुख बाईंनी चष्मा पुसत विचारलं, "हे चिवट डाग सगळे आषाढ ते भाद्रपदातलेच कसे गं? भंडाऱ्यात पाऊस पडतोय हे सूर्याला कोण कळवतं?"

सगळे हसले. काय झालं असणार ते तिथंच, उभ्या उभ्या कळलं. पावसाळ्यात आपल्याकडे आठ-आठ दिवस सूर्य दिसत नाही. आणि तुमच्या वहीत तर एकही पान कोरं नव्हतं.

बाहेर येऊन जिन्यातूनच तुम्हाला फोन लावला. ते बोलणं मला शब्द न् शब्द पाठ आहे.

"मोठे बाबा, आभाळ भरून असलं की तुम्ही काय करता?"

"काय करतो म्हणजे? काढतो."

"सूर्य दिसत नसताना?"

"नेम हाय नं पोरी. खंड कसा पाडू?"

"म्हणजे मनानं डाग काढले तुम्ही? खोटे?"

"खोटे काहून? कालच्या जागेपून बोटभर सरकवून काढले. थे तिकडंच सरकत असतेत. वहीत हाय नं सारं. तू वही पाय."

"पाहिली आहे मी वही! तुमच्याहून जास्त पाहिली आहे."

"मंग त तुले मालूमच हाय," तुम्ही म्हणालात, अगदी शांतपणे. तो शांतपणा मला निलाजरेपणा वाटला. ढगाआड मेलेले डाग तुम्ही चार-चार दिवस जिवंत ठेवले होते, माझा लेख मातीत गेला होता, आणि वर हे! उचलली जीभ लावली टाळ्याला. मी म्हणाले, "शिकलेल्या माणसानं असं कधी केलं नसतं. न दिसलेलं काढायचं नसतं, एवढं साधं कळत नाही तुम्हाला?"

पलीकडे कोंबडीचा आवाज येत होता. मग तुम्ही म्हणालात, "हव. थे त खरं हाय." आणि थोड्या वेळानं, "ठेवतो बाई."

त्यानंतर अकरा दिवस ना तुमचा फोन आला, ना मी केला. राग दोन दिवसांत उतरला होता. उरलेले नऊ दिवस मी घाबरून फोन केला नाही. काय बोलू? तुमच्या वह्या आता कोणी हातात धरणार नाही, हे सांगू? खरी पानं कुठली आणि मनची कुठली हे कळायला काही मार्गच नव्हता. एक भिंत कच्ची निघाली की माणूस अख्ख्या घरात पाय ठेवायला भितो. बाराव्या दिवशी सकाळी फोन वाजला, मोठी आईचं नाव दिसलं. ती एवढंच म्हणाली, "ये माय, लवकर ये. थे खुर्चीवरच बसून हायत, उठूनच नाही राहिले."

काल, चौदाव्या दिवशी, मोठी आई शेजारी बसून तांदूळ निवडत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "कायले भेतेस? थे का तुले खातेत?" मग मी गाठ सोडली.

पेटीत डांबरगोळ्यांचा वास होता. सगळ्यांत वर झाकण ठेवलं होतं, फुटाण्याच्या डब्याचं. खाली वह्या. हाताला येईल ती काढली, जीव मुठीत धरून मधूनच उघडली. आषाढातलं पान निघालं. वर्तुळ, डाग, तारीख. आणि खालच्या उजव्या कोपऱ्यात हळदीचं एक बोट.

पान उलटलं. हळद. पुन्हा हळद. मग एक पान स्वच्छ, त्यावर, तुम्ही कधीमधीच लिहायचात तसं, 'ऊन नऊ ते साडेनऊ'. मग परत सहा पानं हळद. मी भराभर पुढं गेले. मार्गशीर्षात एकही नाही. पौषात सलग दोन, अवकाळी गारपीट झाली होती त्या आठवड्यातली.

"मोठी आई, हे काय आहे?"

"कोनतं? थे होय? थे मानसपूजेचं हाय." तांदळातला खडा बाजूला टाकत ती म्हणाली, तुले एवढंही मालूम नाही, अशा आवाजात. "माहा पाय मोडला होता तवा मी तलावाच्या पाळीवरच्या मातामायले जाऊ शकत नव्हती, त खाटेवर बसूनच मनानं पूजा करो नं? तसंच. सूर्य दिसला नाही का हे देवाजवळ बसत, मनानं काढत, अन् देवाले हळद लावली का त्याच बोटानं वहीले लावत. म्हणत, हे दर्शनाचं पान नोहे, हे मानसपूजेचं. दोनी एकमेकांत मिसळू नये बा."

वहीत हाय नं सारं, असं म्हणाला होतात तुम्ही. मंग त तुले मालूमच हाय.

मोठे बाबा, मला ते दुकान आठवलं. स्कॅन करणारा माणूस पहिलंच पान काचेवर ठेवून म्हणाला होता, "ताई, पानाइले पिवळे डाग पडले हायत. साफ करून देऊ काय?" आणि मी, शिकलेली, तुमच्याहून जास्त वही पाहिलेली, मोबाइलमधून मान वर न करता म्हणाले होते, "हो, स्वयंपाकघरातले असतील. काढून टाका. काळं-पांढरंच द्या." तुमचा सगळा खरेपणा मी एका वाक्यात पुसायला लावला होता, आणि वर तुम्हालाच फोन करून खोटं ठरवलं होतं.

मला रडूही येईना. नीट बघावं म्हणून वही घेऊन अंगणात धावले. तेवढ्यात ढग फाटून ऊन पडलं होतं. मागून मोठी आई एवढ्यांदा ओरडली की सुपातले तांदूळ सांडले. "उन्हात कायले नेतेस? हळद उडते नं उन्हानं!"

हळदीचा डाग धुऊन जात नाही, उन्हात वाळत घातला की जातो, हे कुठल्याही बाईला ठाऊक असतं. मला तेव्हा सुचलं नव्हतं. मी वही छातीशी धरून आत पळाले, दार लावलं, खिडकीला चादर टांगली आणि अंधारात धापा टाकत बसले. ज्याच्यासाठी तुम्ही ही पानं काढली तोच क्षणभरात खाऊन टाकील अशी भीती बसली. तुम्ही वह्या पेटीत कुलपात का ठेवायचात, तेही तेव्हा कळलं. मला वाटायचं उंदरांसाठी.

मग ट्यूबलाइट लावून एकेक वही तपासली. संध्याकाळपर्यंत तेच केलं. एका ठिकाणी थांबले. चैत्रातलं पान होतं, आपल्याकडे चैत्रात कुठले ढग? तरी कोपऱ्यात हळद. तारीख वाचली. माझे बाबा गेले तो दिवस. त्या दिवशी ऊन रणरणत होतं, मला चांगलं आठवतं, अंगणात पाय ठेवता येत नव्हता. तुमचा धाकटा भाऊ गेला होता, तुम्हाला सूर्याकडे बघवलं नसणार. बघितलं नाही म्हणून तुम्ही हळद लावलीत. कोणी विचारणार नव्हतं, कोणाला कळणार नव्हतं. इथं मात्र मी रडले, मोठ्यानं. मोठी आई आली, जवळ बसली.

आणि मग शेवटची वही. ती उघडायची सगळ्यांत जास्त भीती होती आणि ती भीती बरोबरच निघाली.

आपल्या भांडणाच्या दुसऱ्या दिवसापासून पानं कोरी आहेत. झाकणानं काढलेलं वर्तुळ, आत काही नाही, कोपऱ्यात हळद नाही. खाली तुमच्या त्या शाळकरी अक्षरात, 'आज दिसला नाही.' पुढच्या पानावर, 'आज दिसला नाही.' असे अकरा दिवस. मी सांगितलं ना, न दिसलेलं काढायचं नसतं! तुम्ही ऐकलंत. बाबा गेले त्या दिवशीही न मोडलेला नेम माझ्या एका फोननं मोडला. मोठी आई म्हणते, त्या पावसाळी दिवसांत तुम्ही देवघरात नुसते बसून राहायचात. "काहून मानसपूजा करत नाही, म्हनलं तं म्हणे, पोट्टी म्हणते तसं नसते करत."

बाराव्या दिवशी पुन्हा डाग दिसतो. त्या सकाळी ऊन पडलं होतं. वर्तुळाच्या पश्चिमेच्या काठाजवळ एकच डाग, चांगला मोठा, गोल, भोवती फिकट कडा. 'ऊन आठ ते.' पुढची वेळ लिहिलेली नाही.

काल रात्री मी गटप्रमुख बाईंना पत्र लिहिलं. निरीक्षकानं सूर्य न दिसलेला प्रत्येक दिवस स्पष्ट खूण करून वेगळा ठेवला होता, ती खूण मी काढून टाकायला लावली, चूक संपूर्ण माझी आहे, लेख मागं घेते. मूळ वह्या पुन्हा रंगीत स्कॅन करायला हव्यात, उजेडापासून जपून. तुमचं पूर्ण नाव लिहिलं आणि पुढं 'निरीक्षक' लिहिलं. उत्तर अजून आलेलं नाही. नोकरीचं काय होईल, माहीत नाही. पण ती भीती असूनही काल झोप लागली, ही भीती निराळी होती.

आज सकाळपासून आभाळ गच्च आहे. मी आंघोळ केली, नवीन पानावर झाकण ठेवून वर्तुळ काढलं आणि देवघरात बसले. तुमच्या रीतीनं हिशेब केला. तुमचा डाग काठावर होता, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच सूर्याच्या पाठीमागे गेला. पाठीमागून फिरून यायला जवळपास दोन आठवडे. म्हणजे आजचं बिंब, तुमच्या हिशेबानं, रिकामं. वर्तुळ तसंच ठेवलं. मोठी आईनं न विचारता हळदीची वाटी पुढं सरकवली. देवाला लावली, मग कोपऱ्यात लावली. तुमच्याइतकं नीट उमटलं नाही.

तो डाग जगला असेल तर उद्या पूर्वेच्या काठावर येईल. सगळेच येत नाहीत, कितीतरी पाठीमागेच विरून जातात, हे मीच तुम्हाला शिकवलं होतं. लॅपटॉप उघडला तर उपग्रहांनी टिपलेलं सगळं आत्ता दिसेल. उघडत नाही. दुर्बीण पुसून अंगणात ठेवली आहे, पाटीला कागद लावला आहे. उद्या ऊन पडलं तर मी बघेन, नाही पडलं तर हळद लावीन.

मले लय भेव वाटते मोठे बाबा. तुम्ही रोज सकाळी कसे बसत होता इथं?